पुणे ते कन्याकुमारी, दोघंच, आपल्या गाडीनं: दिवसाला किती किमी धरावेत?

खाडीपलीकडची | २० नोव्हेंबर २०२४

नमस्कार. नवरा ऑक्टोबरमध्ये निवृत्त झाला. मुलगी बाहेरगावी, घरात आम्ही दोघंच. जानेवारीत स्वतःच्या गाडीनं दक्षिणेचा किनारा करायचा असं ठरवलंय.

ढोबळ बेत असा: पुणे, बेळगाव, कारवार. तिथून एनएच ६६ धरून गोकर्ण, उडुपी, मंगळूर, कण्णूर, कोची, वर्कला, कन्याकुमारी. मग रामेश्वर, आणि परतताना मदुराई, बंगळूर, हुबळी. एकूण सव्वातीन हजार किमीच्या आसपास. दिवस १२.

आमची परिस्थिती सांगते. नवऱ्यानं ३२ वर्षं गाडी चालवली आहे. त्यातली ११ वर्षं पाण्याच्या पंपांच्या विक्रीसाठी रत्नागिरी ते मंगळूर हाच पट्टा, त्यामुळे तिथला एकेक पूल त्याला पाठ आहे. पण आता मोतीबिंदूची सुरुवात झाली आहे. सूर्य मावळला की समोरचे दिवे पसरट दिसतात. शस्त्रक्रिया उन्हाळ्यात. म्हणजे पाचनंतर गाडी बंद. मी ४७ व्या वर्षी चालवायला शिकले, आता ५४ आहे. हायवेवर मी चालवते, आणि या वेळी निम्मं तरी अंतर मी चालवणार आहे.

प्रश्न एकच: आमच्यासारख्यांनी दिवसाला किती किमी धरावेत? बाकी सूचना, मुक्काम, खाणं, काहीही सांगा. सगळं वहीत उतरवून घेणार आहे.

घाटमाथा

जानेवारी उत्तम. १२ दिवस कमी. २० करा, किंवा रामेश्वर काढा.

शून्य_किलोमीटर

असं काही नाही हो. मी आणि बायकोनं मागच्या वर्षी १० दिवसांत पुणे-कन्याकुमारी-पुणे केलं. पहाटे साडेचारला निघायचं, दिवसाला ४०० किमी मारायचे. एकदा लय सापडली की जमतं.

नीरडोसा

@खाडीपलीकडची, ताई, मी नऊ वर्षं उडुपीत नोकरीला होतो, त्यामुळे कर्नाटकच्या तुकड्याबद्दल अधिकारानं बोलू शकतो.

कारवार ते मंगळूर रस्ता बहुतेक चौपदरी आहे. कारवारला गोव्याकडून येणार असाल तर काळी नदीवरचा जुना पूल ऑगस्टमध्ये पडला हे वाचलं असेलच, शेजारच्या नव्या पुलावरून वाहतूक चालू आहे. अंकोल्याजवळ शिरूरला १६ जुलैला दरड कोसळून माणसं गेली, तिथे सावकाश जा. जानेवारीत पाऊस नसतो, पण डोंगर कापलेला आहे.

आता मला खरं सांगायचंय ते. कुंदापूरच्या उत्तरेला मरवंते लागतं. एका बाजूला अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूला सौपर्णिका नदी, आणि मधून फक्त रस्ता. सगळे तिथे जातात आणि 'अरे, एवढंच?' म्हणून पुढे निघतात. कारण साधं आहे. आपण डावीकडून गाडी चालवतो. दक्षिणेला निघालात की तुमची बाजू नदीकडची असते. समुद्राला लागून असलेली बाजू उत्तरेकडे येणाऱ्यांची. शिवाय समुद्र पडतो उजवीकडे, म्हणजे चालवणाऱ्याच्या खिडकीशी, आणि त्याला तर रस्त्यावर लक्ष ठेवायचं असतं. शेजारी बसलेल्याला मधला दुभाजक, पलीकडच्या गाड्या आणि त्यापलीकडे पाण्याची एक रेघ दिसते.

हे फक्त मरवंतेचं नाही, सगळ्या पश्चिम किनाऱ्याचं आहे. म्हणून माझी कळकळीची सूचना: ट्रिप उलटी करा. हुबळी-बंगळूर-सेलमवरून आधी आतून खाली उतरा, रामेश्वर-कन्याकुमारी करा आणि मग किनाऱ्यानं वर या. समुद्र सगळीकडे डावीकडे राहील. अंतर तेवढंच.

वरणफळ

@नीरडोसा, इतकी वर्षं फिरतोय, हे कधी डोक्यातच आलं नाही!

गाभारा

पूर्व किनाऱ्यानं खाली उतरतानासुद्धा समुद्र डावीकडेच येतो. टोकाला वळसा, मग पश्चिम किनाऱ्यानं वर, तरीही डावीकडेच. पाणी डावीकडे, जमीन उजव्या हाताला. ही तर रीतसर प्रदक्षिणा झाली.

शून्य_किलोमीटर

कल्पना छान आहे, पण अशानं पहिले तीन दिवस कंटाळवाण्या हायवेवर जातात. सुरुवातीलाच समुद्र दिसला की उत्साह येतो.

घाटमाथा

उलट मी म्हणतो ताजेतवाने असताना हायवेचे मोठे पल्ले उरकावेत. दमल्यावर शेवटी हुबळी ते पुणे अंगावर येतं. कागलपर्यंत रुंदीकरण चालू आहे, त्यात कोल्हापूर-सातारा किती वेळ घेईल याचा भरवसा नाही. नीरडोसा यांना अनुमोदन.

कोचीत_दहा_वर्षं

@शून्य_किलोमीटर, तुमच्याशी भांडत नाही, पण केरळमध्ये दिवसाला ४०० हा आकडा या ताईंना देऊ नका. सध्या कासरगोड ते तिरुवनंतपुरम सगळीकडे एनएच ६६ सहापदरी होतोय. दर काही किमीवर वळण रस्ता, खडी, पत्र्याची भिंत. ताशी ३५ ची सरासरी पडली तरी समाधान मानावं. शिवाय केरळमध्ये गाव संपतच नाही. एका गावाची शेवटची पाटी आणि पुढच्या गावाचं पहिलं दुकान एकाच भिंतीवर असतं. आणि कॅमेरे! २०२३ पासून राज्यभर लावलेत. शेजारी बसलेल्यानंही पट्टा लावलाच पाहिजे.

ताई, केरळमध्ये दिवसाला १५०, फार तर १८०.

किनाऱ्यानं वर येणार असाल तर एक आडवाट सांगतो. आलप्पुळाहून कोचीला येताना तुरवूर ते अरूर उड्डाणमार्गाचं काम चालू आहे, तिथे दोन-दोन तास अडकायला होतं. त्याऐवजी आर्तुंगल-चेल्लानम या किनाऱ्याच्या छोट्या रस्त्यानं थेट फोर्ट कोचीत शिरा. चेल्लानमला समुद्र घरात घुसायचा, आता तिथे काँक्रीटचे चौपायी ठोकळे रचून बांध घातलाय. त्यावर चढून संध्याकाळी लोक बसतात. फोर्ट कोचीहून वैपीनला गाडीसकट बोटीनं पलीकडे जायचं, पाचेक मिनिटांचं काम. तिथून चेराई, परवूर, कोडुंगल्लूर करत परत हायवेला. शहराची गर्दी पूर्ण टळते.

रेल्वेप्रेमी

एक वेगळा विचार मांडू का? डोळ्यांचा त्रास आहे, तर नेत्रावती एक्स्प्रेसनं तिरुवनंतपुरम गाठा. कोकण रेल्वेचा काही मार्ग तरी दिवसाउजेडी खिडकीतून दिसेल. खाली गेल्यावर ड्रायव्हरसकट गाडी भाड्यानं घ्या. दमणूक नाही, काळजी नाही.

खाडीपलीकडची

सगळ्यांचे खूप आभार. दोन दिवसांत वहीची सहा पानं भरली.

@रेल्वेप्रेमी, सूचना प्रेमाची आहे हे कळतं. पण मला गाडीच का हवी ते सांगते. लग्नानंतर तेवीस वर्षं मी डावीकडच्या सीटवर बसले. कुठे थांबायचं, कुठे चहा घ्यायचा हे दर वेळी विचारून. तक्रार नव्हती, तशीच पद्धत होती. ४७ व्या वर्षी सासूबाईंना रात्री दवाखान्यात न्यायचं होतं, नवरा दौऱ्यावर होता आणि रिक्षा मिळेना. त्यानंतरच्या सोमवारी मी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं. आता मला एखाद्या वळणावर समुद्र दिसला की स्वतः इंडिकेटर देऊन गाडी बाजूला घ्यायची आहे. तेवढंच.

@नीरडोसा, ट्रिप उलटी करण्याचा मुद्दा नवऱ्याला वाचून दाखवला. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "बरोबर आहे त्याचं."

वरणफळ

ताई, तुमचं वाचून डोळे भरून आले.

आता बायकांच्या कामाचं. स्वच्छतागृहासाठी पेट्रोलपंपाच्या भरवशावर राहू नका, तिथे किल्ली मागत हिंडावं लागतं. मोठं, गर्दीचं शाकाहारी हॉटेल बघून थांबायचं. कर्नाटक, तमिळनाडूत ही बहुतेक स्वच्छ असतात. जुना सुती पंचा, साबणाच्या चकत्या आणि पाच लिटरचा पाण्याचा कॅन हाताशी ठेवा.

दुसरं, नकाशा. आमची लग्नाच्या तिसाव्या वर्षातली सगळ्यात मोठी भांडणं नकाशावरून झाली. "आता डावीकडे" म्हणेपर्यंत डावं वळण मागे पडलेलं असायचं. मग आम्ही ठरवलं, जो चालवतो त्यानं नकाशाबद्दल एक अक्षर बोलायचं नाही, आणि जो नकाशा बघतो त्यानं वेगाबद्दल. चुकलं तर गुपचूप पुढून वळायचं. हा नियम काच पुसायच्या फडक्याइतकाच गरजेचा आहे.

अण्णू

वरणफळ काकू, हा नियम फ्रेम करून हॉलमध्ये लावतो.

ओसरी

खाण्यावर कोणीच बोललं नाही! उडुपीत गोळीबजे, मंगळूर बन्स, आणि नीर डोसा म्हणजे आपलं घावनच.

नीरडोसा

घावन नव्हे! माझ्या नावाचा प्रश्न आहे. :) घावनाचं पीठ आणि नीर डोशाचं पीठ यात पाण्याचा फरक आहे. नीर म्हणजेच पाणी. भिजवलेले तांदूळ वाटून पीठ ताकाइतकं पातळ करतात, आंबवत नाहीत, आणि तव्यावर ओतल्यावर पसरवत नाहीत, झाकण ठेवतात. उलटायचाही नाही. तव्यावरून निघाला की त्रिकोणी घडी. सोबत गूळखोबरं. मांसाहारी असाल तर 'कोरी गस्सी', म्हणजे नारळाच्या रश्श्यातली कोंबडी.

मालवणी_मुलगी

आमच्याकडे घावनही पाण्यासारखंच पातळ करतात. आजी पळीनं तव्यावर शिंपडायची, जाळी पडली पाहिजे. त्यामुळे ओसरी यांचं म्हणणं अगदीच चूक नाही.

ओसरी

मी दोन्ही खाते. भांडणातून निवृत्त.

कावेरीकाठ

नमस्कार, उशिरा आले. माझं माहेर तंजावरचं, घरात आजही तंजावरी मराठी बोलतो. तुम्ही सेलमवरून खाली उतरणारच आहात तर मदुराईऐवजी नामक्कल-त्रिची-तंजावर असं या. बृहदीश्वराच्या आवारात भिंतीवर सरफोजीराजांनी १८०३ साली कोरून घेतलेला भोसले वंशाचा इतिहास आहे. मराठीत, देवनागरीत. हजार वर्षांच्या चोळ देवळात उभं राहून आपली अक्षरं ओळीनं वाचत जाताना काय वाटतं ते तिथेच कळेल. सरस्वती महाल हे जुनं ग्रंथालयही बघा.

तंजावरहून रामेश्वरला जाताना पट्टुकोट्टईवरून मल्लिपट्टिणमला समुद्रावर निघा. तिथे सरफोजीराजांनी १८१४ च्या सुमारास नेपोलियनच्या पराभवाची आठवण म्हणून आठ मजली बुरूज उभारला आहे. त्याला तिथली तमिळ माणसं आजही 'मनोरा' म्हणतात. तिथून तोंडी-देवीपट्टिणम असा किनाऱ्याचा रस्ता. समुद्र डावीकडे! गाभारा यांची प्रदक्षिणा पूर्ण होईल.

खाडीपलीकडची

@कावेरीकाठ, मनोरा वहीत लाल शाईनं लिहिलाय. आणि घाटमाथा, तुमचं ऐकलं. २० दिवस.

घाटमाथा | १ डिसेंबर

काल फेंगल वादळ पुद्दुचेरीजवळ किनाऱ्याला आलं. तमिळनाडूला पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर लागतो, जानेवारीत उघडतो. तरी निघण्याआधी आठवडाभर हवामान खात्याची पानं बघत राहा.

कोचीत_दहा_वर्षं | १२ डिसेंबर

परवा मुरुडेश्वरला सहलीला आलेल्या चार शाळकरी मुली बुडाल्या. वाचून जेवण गेलं नाही. त्यानंतर तिथला किनारा काही काळ बंद केला.

यावरून एक सांगतो, सगळ्यांनीच लक्षात ठेवा. केरळमध्ये 'कळ्ळक्कडल' असा शब्द आहे. कळ्ळन म्हणजे चोर, कडल म्हणजे समुद्र. वारा नाही, ढग नाही, ऊन पडलेलं, आणि दूर दक्षिणेकडच्या महासागरात उठलेल्या लाटा न सांगता किनाऱ्यावर चढतात. हैदराबादची इन्कॉइस ही समुद्राचा अंदाज देणारी संस्था त्याचा इशारा देते, मोबाईलवर बघता येतो. कोळ्यांनी होड्या वर ओढून ठेवलेल्या दिसल्या तर पाण्यात पाय घालू नका. गाडी पुळणीवर नेणार असाल, कण्णूरजवळ मुळप्पिलंगाडला चारेक किमी नेतात, तर ओहोटीची वेळ आधी विचारा आणि त्याच दिवशी गोड्या पाण्यानं गाडीचा तळ धुऊन घ्या. खारं पाणी पत्रा खातं.

पहाटदिवा

कण्णूरला थांबणार असाल तर थेय्यम, म्हणजे अंगात देव येऊन होणारा तिथला विधी-नाच, चुकवू नका. गावागावातल्या 'कावू' म्हणजे देवराईतल्या देवस्थानांमध्ये हंगाम साधारण ऑक्टोबरअखेर ते मे, पण कुठे कधी हे बाहेरच्याला पटकन कळत नाही. परश्शिनिक्कडवला मुत्तप्पनच्या देवळात मात्र एरवी रोज होतं, वळपट्टणम नदीच्या काठावर. पहाटेचं बघा. देवळात कुत्री मोकळी हिंडतात, ती देवाची मानतात. सगळ्यांना चहा आणि उकडलेली कडधान्याची उसळ प्रसाद म्हणून देतात. जात-धर्म कोणी विचारत नाही.

खाडीपलीकडची | १ जानेवारी २०२५

उद्या पहाटे निघतोय. वही, पंचा, पाण्याचा कॅन, टायरची हवा, स्टेपनी, सगळं झालं. वरणफळ काकूंचा नियम नवऱ्यानं स्वतःच्या अक्षरात लिहून डॅशबोर्डवर चिकटवलाय.

अण्णू

शुभास्ते पंथानः सन्तु! फोटो टाका.

खाडीपलीकडची | ६ जानेवारी, रामेश्वर

तीन रात्री: हुबळी, होसूर, तंजावर. तंजावरला आणखी एक दिवस राहिलो. कावेरीकाठ, त्या भिंतीपाशी आम्ही पाऊण तास होतो. नवरा बोट हवेत धरून वाचत होता, दोन-तीन तमिळ मुलं शेजारी उभी राहून ऐकायला लागली. त्यातल्या एकीनं विचारलं, "यू कॅन रीड धिस?" त्याला काय झालं कोण जाणे, त्यानं पहिल्यापासून पुन्हा मोठ्यानं वाचलं.

आज मनोरा. आमच्याखेरीज तिथे बकऱ्या आणि एक माणूस होता.

कावेरीकाठ

माझ्या माहेरी जाऊन आलात असंच वाटलं.

खाडीपलीकडची | ९ जानेवारी, कन्याकुमारी

धनुष्कोडीला परवा सकाळी गेलो. अरिचलमुनैपर्यंत, म्हणजे अगदी टोकापर्यंत, आता डांबरी रस्ता आहे, दोन्हीकडे पाणी. हा तुकडा मी चालवला. वाटेत पडकं चर्च लागतं. १९६४ च्या डिसेंबरात वादळानं हे अख्खं गाव आणि स्टेशनात येणारी पॅसेंजर गाडी माणसांसकट नेली. चर्चच्या भिंती प्रवाळाच्या दगडाच्या आहेत, हात लावला की बारीक भोकं लागतात. तिथे शंखशिंपले विकणारी बाई म्हणाली, तिची सासू त्या रात्री इथे होती. पुढचं तिनं सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. पांबनला नवा रेल्वेपूल उभा दिसला, तेव्हा त्याचं उद्घाटन व्हायचं होतं.

आज विवेकानंद शिलास्मारक. बोटीच्या रांगेत दीड तास. हे स्मारक ज्यांनी उभं केलं ते एकनाथजी रानडे अमरावती जिल्ह्यातले. ३२३ खासदारांच्या सह्या मिळवल्या, देशभरातून रुपया-रुपया गोळा केला, आणि १९७० साली काम पुरं झालं. शिळेवरून तमिळ संतकवी तिरुवळ्ळुवरांच्या पुतळ्याकडे जायला गेल्या आठवड्यातच काचेचा पूल सुरू झालाय, ७७ मीटरचा. मी गेले. नवरा कठड्याला धरून आला, पण आला.

तिरुचेंदूरहून येताना एका लॉजनं आधी पैसे भरूनही खोली नाही म्हणून सांगितलं. पाच वाजून गेले होते. पुढचे २० किमी मी चालवले, अंधारात, आणि नीट चालवले.

वरणफळ

ताई, जपून. पण अभिमान वाटला.

पहाटदिवा | १७ जानेवारी

ताई कुठे आहात? थेय्यम झालं का?

खाडीपलीकडची | २६ जानेवारी, पुणे

पोचलो! २१ ला रात्री नाही, दुपारी तीनला. आता मूळ प्रश्नाचं उत्तर माझ्या वहीतून, म्हणजे पुढे कोणाला उपयोगी पडेल.

एकूण ३,४८६ किमी, २० दिवस. हायवेवर आम्ही ४०० च्या पुढे फक्त पहिले दोन दिवस गेलो, तेही सकाळी सहा ते चार. तमिळनाडूच्या किनाऱ्याला दिवसाला २२० ते ३०० सहज झाले. केरळमध्ये सगळ्यात जास्त १९०, कोची ते कोळिक्कोड, आणि त्याला सात तास लागले. शून्य_किलोमीटर, तुमची हिंमत मोठी आहे, पण आम्हाला ते झेपलं नसतं. ज्या दिवशी १५० च्या आत होतो त्या दिवसांच्या वहीत चार-चार पानं आहेत. ४३० च्या दिवशी दोन ओळी: डिझेल, जेवण.

पद्मनाभपुरमचा लाकडी राजवाडा बघाच. तो तमिळनाडूत आहे, पण सांभाळतं केरळ, आणि सोमवारी बंद असतो. जमीन इतकी गुळगुळीत काळी की खिडकीचा उजेड त्यात पाण्यासारखा दिसतो. वर्कलाला तीन रात्री राहायचं होतं, दोन राहिलो. गर्दी फार. कोचीकर दादा, चेल्लानमचा रस्ता अरुंद आहे, समोरून बस आली की धडधडतं, पण हातात स्टिअरिंग असूनही मला समुद्र दिसत होता इतका तो जवळ आहे.

पहाटदिवा, परश्शिनिक्कडवला पहाटे साडेपाचला पोचलो. मुत्तप्पननं, म्हणजे ज्या माणसाच्या अंगात देव येतो त्यानं, रांगेतल्या प्रत्येकाचा हात हातात घेऊन काहीतरी सांगितलं. माझा हात धरून मल्याळममध्ये बरंच बोलला. मला एक शब्द कळला नाही. मागच्या काकूंनी तोडक्या हिंदीत सांगितलं, "बोलता है, रास्ते में डरना नहीं, मैं साथ हूँ." मग उसळ आणि चहा. उसळीवर ओल्या खोबऱ्याचा तुकडा होता.

उडुपीजवळ काप इथल्या १९०१ च्या दीपगृहाखाली सूर्यास्त पाहिला. मुरुडेश्वर आम्ही केलं नाही, त्या मुलींची बातमी मनातून जाईना. शिरूरलाही काचा खाली करून हळू निघालो. गंगावळी नदी अगदी शांत वाहत होती. पुढे यल्लापूरचं जंगल, अरबैल घाट, मग हुबळी, बेळगाव मुक्काम आणि घर.

मरवंतेबद्दल मी लिहीत नाही. ते नवऱ्याला लिहायचंय.

नीरडोसा

वाट बघतोय! आणि नीर डोसा?

खाडीपलीकडची

उडुपीत तीन दिवस, रोज. घावन नव्हे, मान्य. :)

घाटमाथा

सुंदर धागा. गाडीचा तळ धुतलात ना?

खाडीपलीकडची

मुळप्पिलंगाडहून निघाल्यावर तासाभरात, कण्णूरला. धुणाऱ्या मुलानं वाळूचा हा एवढा ढीग काढून दाखवला.

अकराव्या_वर्षी | २७ जानेवारी

मी खाडीपलीकडचीचा नवरा. सदस्यत्व कालच घेतलं, टायपिंग हळू आहे, सांभाळून घ्या.

नीरडोसा, मरवंतेवरून मी नोकरीत शंभरेक वेळा तरी गेलो असेन. मागच्या सीटवर पंपाचे सुटे भाग, डोक्यात कुंदापूरच्या डीलरची थकबाकी. पुण्याकडे परतताना समुद्र डावीकडेच असायचा, पण तेव्हा रात्र झालेली असायची. ही जागा सुंदर आहे असं मी घरी येऊन सांगितल्याचंही आठवत नाही.

१८ तारखेला सकाळी नऊला ही चालवत होती आणि मी डावीकडे होतो. तिथे किनाऱ्याला मोठमोठ्या दगडांचा बांध घातलाय आणि त्या दगडांवर माणसं गळ टाकून बसलेली असतात. लाट फुटली की पाय वर घेतात आणि परत खाली सोडतात. हे मला माहीतच नव्हतं. पट्टा संपल्यावर मी काही बोललो नाही, पण हिनं पुढे जाऊन गाडी वळवली, नदीच्या बाजूनं खाली गेलो आणि पुन्हा वर आलो. असं तीनदा केलं. तिसऱ्या फेरीला गळवाल्यांपैकी एक जण आम्हाला हात करायला लागला होता.